टाकाऊ वस्तूंचे मुखवटे

टाकाऊ वस्तूंचे मुखवटे : वापरून टाकून दिलेल्या वस्तू जुळवून घडविलेला, आफ्रिकी मुखवट्याची आठवण करून देणारा आधुनिक शिल्पप्रकार. अटलांटिकपार नेलेल्या गुलामांच्या काही कलावंत वंशजांनी आपल्या ओळखीचा शोध घेण्यासाठी तो हाताळला. पश्चिम आफ्रिकेतही त्याचा स्वतंत्रपणे विकास झालेला दिसतो.

मूळ परंपरेत मुखवटा म्हणजे नुसता लाकडी चेहरा नव्हे. पेहराव, नृत्य, वाद्ये व जमलेला समुदाय मिळून तो पुरा होतो. यूरोपीय संग्रहालयांत पोहोचला तो चेहरा तेवढा. १९०७ मध्ये पिकासोने पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात पाहिले तेही असेच सुटे चेहरे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांची अडचण याहून बिकट होती. ॲलन लॉक या तत्त्वचिंतकाने १९२५ मध्ये त्यांना पूर्वजांच्या कलेकडे वळण्याचे आवाहन केले. परंतु पूर्वज नेमके कोणत्या गावचे, कोणत्या भाषेचे, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. वारसा म्हणावा तर तोही काचेच्या कपाटातच भेटलेला. अशा स्थितीत लाकूड कोरणे म्हणजे नक्कल ठरण्याचा धोका होता.

न्यू जर्सीतील विली कोल (१९५५– ) या शिल्पकाराने ही कोंडी वेगळ्या रीतीने फोडली. त्याच्या घरातील आजी-पणजी परक्या घरी धुणी-इस्त्रीची कामे करीत. जुन्या विजेच्या इस्त्रीचा वाफेच्या छिद्रांचा तळ त्याला मुखवट्यासारखा दिसला; तोच आकार होडीसारखाही आहे. तापल्या इस्त्रीचा डाग गुलामांना दिलेल्या डागण्यांची आठवण देतो. ‘स्टोएज’ (१९९७) या त्याच्या काष्ठठशात मधोमध इस्त्रीची फळी असून तिला ब्रूक्स या गुलामवाहू जहाजाच्या १७८८ मधील प्रसिद्ध नकाशाचे रूप आले आहे. सभोवती निरनिराळ्या इस्त्र्यांचे तळ जणू वेगवेगळ्या जमातींचे चेहरे होऊन उभे आहेत. मानाने याच कलावंताचे जुन्या पादत्राणांचे मुखवटे (उदा., ‘शाइन’, २००७) अधिक लोकप्रिय असले, तरी उणे वाटतात. टाचेचे नाक झालेले पाहून प्रेक्षक खूश होतो आणि बहुधा तेथेच थांबतो.

बेनिनमधील पोर्तो-नोव्हो येथील रोमुआल्द हाझुमे (१९६२– ) आपले मुखवटे प्लॅस्टिकच्या कॅनपासून करतो. नायजेरियातून चोरटे पेट्रोल मोटारसायकलींवरून आणण्यासाठी हे कॅन वापरले जात. अधिक पेट्रोल मावावे म्हणून ते विस्तवावर तापवून फुगवीत व निकामी होताच फेकून देत. कॅनचे तोंड तेच मुखवट्याचे तोंड, मूठ तेच नाक. कलावंताचा हात फारसा जाणवत नाही. ‘ला बूश द्यु रुआ’ (१९९७–२००५) या मांडणीशिल्पात असे ३०४ मुखवटे त्याच ब्रूक्सच्या आकारात मांडलेले आहेत. ब्रिटिश म्यूझीयमने ते २००७ मध्ये, ब्रिटनच्या गुलामव्यापारबंदी कायद्याच्या द्विशताब्दी वर्षात, प्रदर्शित केले. ताणता येईल तेवढे ताणून मग टाकून दिलेला कॅन माणसाच्या जागी ठेवला, की वेगळे रूपक शोधावे लागत नाही.

ही सारी पिकासोच्याच युक्तीची पुनरावृत्ती होय, असा आक्षेप घेता येईल. सायकलीचे बसण्याचे खोगीर व हँडल जोडून त्याने १९४२ मध्ये ‘बैलाचे डोके’ केले होते. मात्र त्यात ती सायकल कोणाची होती, याला महत्त्व नाही. इस्त्री कोणी फिरवली आणि कॅन कोणी वाहिला, हे विसरल्यास कोल व हाझुमे यांच्या कृतींत फार थोडे उरते. शिवाय परंपरा मुळातच बंदिस्त नव्हती. योरुबांच्या गेलेडे मुखवट्यांवर शिवणयंत्रे व मोटारसायकली पूर्वीच कोरल्या गेल्या आहेत.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझीयमने २०११ मध्ये या दोघांच्या कृती आफ्रिकी मुखवट्यावरील एका प्रदर्शनात एकत्र मांडल्या. त्यांतील एकही मुखवटा कोणाच्या चेहऱ्यावर चढणार नव्हता. लाकडी मुखवट्यांप्रमाणे तेही आता संग्रहालयाच्या भिंतीवर आहेत.