३३ ओळींतली म्हातारी

कादंबरीकाराला माणूस उभा करायला तीन-चारशे पानं मिळतात. छोट्या कवितेत ती सोय नाही. मग तिथला माणूस उभा राहतो कशाच्या बळावर? आज आपण एकच उदाहरण नीट बघू: अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’तली म्हातारी. मूळ इंग्रजी संग्रह १९७६चा. त्यातली ही कविता ३३ ओळींची. तीन-तीन ओळींची ११ कडवी.

या म्हातारीबद्दल आपल्याला काय कळतं? नाव नाही, घरदार नाही, पोरंबाळं आहेत की नाहीत तेही नाही. ती पाहुण्याची बाही धरते, पन्नास पैसे मागते, त्या बदल्यात एक देवस्थान दाखवते म्हणते. त्यानं ते आधीच पाहिलेलं असतं. तरी ती लंगडत मागं येते, सदरा काही सोडत नाही. बस्, एवढंच.

कुणी म्हणेल, हा तर ठरीव नमुना झाला, व्यक्तिरेखा कुठली? कवीला हे ठाऊक आहे. म्हाताऱ्या असल्याच चिवट, हा शेरा तो मुद्दाम आधी येऊ देतो. शिवाय पाहुण्याला तो ‘मी’ म्हणत नाही, ‘तो’ही म्हणत नाही, थेट वाचणाऱ्यालाच संबोधतो. म्हणजे शेरा आपला झाला.

मग तिला एकदाचं झटकून टाकायला पाहुणा वळतो, आणि तेवढ्यात ती बोलते. अख्ख्या कवितेत तिच्या तोंडचे शब्द इथंच येतात. असल्या डोंगरात आपल्यापुढं दुसरा मार्ग कुठला, अशा अर्थाचा एक प्रश्न. त्यात गयावया नाही, रोखठोक हिशेब आहे. पुढं तिच्या डोळ्यांभोवतीचे तडे पसरत जातात. डोंगर, देवळं, आभाळ, काही टिकत नाही. ती मात्र शाबूत. बदलतो तो पाहुणा. शेवटी किंमत ठरते त्याचीच, आणि तीही चिल्लरीत!

आम्हाला वाटतं, गोम इथं आहे. छोटी कविता चरित्र सांगत बसत नाही. समोरच्या माणसाबद्दलचा आपला अंदाज ती आधी मांडते, मग मोडते. तो मोडला की माणूस दिसतो. एस. टी. स्टँडवर, देवळाच्या पायरीवर आपणही अशी बाही रोज सोडवून घेतो. कविता त्यावर उपदेश करत नाही. वळून बघितलं तर काय होतं, तेवढं दाखवते.