सुट्टीची नोंद : तिथी, तारीख आणि आदेश

संगणकीय दिनदर्शिकेत सुट्ट्या समाविष्ट करणे हे वरवर पाहता कारकुनी काम होय. तथापि सुट्ट्यांची धारिका ही देखील एक संहिता आहे, आणि संहिता म्हणून तिचे परीक्षण केल्यास तीत एक मूलभूत अर्थसंकोच आढळतो. तिथी, सण आणि सुट्टी या तीन भिन्न संकल्पना तेथे एकाच नोंदीत विलीन झाल्या आहेत.

मायक्रोसॉफ्टच्या ‘आउटलुक’ या आज्ञावलीतील सुट्ट्यांच्या धारिकेची रचना अत्यंत साधी आहे. चौकटी कंसात देशाचे नाव, त्यापुढे नोंदींची संख्या, आणि खाली प्रत्येक ओळीत सणाचे नाव, स्वल्पविराम व तारीख. प्रत्येक वर्षासाठी स्वतंत्र ओळ असते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे गणपाठ आहे, सूत्रपाठ नाही. नाताळाचे यात काही बिघडत नाही. गणेशचतुर्थी मात्र २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आणि २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आली. म्हणजे पहिले अंतर ३८४ दिवसांचे, दुसरे ३५४ दिवसांचे. यात अनियमितपणा मुळीच नाही. २०२३ साली अधिक श्रावण होता, एवढेच. नियम पंचांगात आहे. धारिकेत त्याचे केवळ फलित उतरले आहे. म्हणूनच यादीतील वर्षे सरली की ती मुकी होते.

नियम नोंदविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ‘आयकॅलेंडर’ या विनिमय-संकेताच्या २००९ च्या प्रमाणकात पुनरावृत्तीचा नियम आहे. परंतु तो ग्रेगोरियन गणनेपुरता. २०१५ च्या पुरवणीने चिनी, हिब्रू इत्यादी कालगणनांना वाट करून दिली. ज्या नामसूचीचा तिने आधार घेतला, तीत ‘भारतीय’ या नावाखाली २२ मार्च १९५७ पासून अंमलात आलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका आहे. येथे भाषेचा चकवा आहे. या दिनदर्शिकेतील महिन्यांची नावे चैत्र-वैशाखादी असली, तरी त्या नावांचा निर्देश चांद्र मासांकडे नाही. २०२५ ची गणेशचतुर्थी राष्ट्रीय गणनेत ५ भाद्रपदास आली, तर त्याच्या आदल्या वर्षीची १६ भाद्रपदास. नाम एक, वाच्य दोन. आणि चतुर्थी सांगण्याची सोय तरीही नाहीच.

परंतु तिथीचे गणित अचूक साधले तरी प्रश्न संपत नाही. २०२४ साली आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागून १ नोव्हेंबरच्या सायंकाळी संपली. केंद्र शासनाच्या यादीत दिवाळीची सुट्टी ३१ ऑक्टोबरला होती. महाराष्ट्र शासनाच्या यादीत लक्ष्मीपूजनाची सुट्टी १ नोव्हेंबरला. अमावास्या एकच, निर्णय दोन. ‘भारत’ या एकाच शीर्षकाखाली एकच तारीख देणारी धारिका यांपैकी एका निर्णयाची बाजू घेते, आणि ती घेतल्याचे सांगत नाही.

याहून बोलके उदाहरण २०२३ चे. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आल्या. दोन्ही मिरवणुकांची गर्दी एकाच दिवशी होऊ नये म्हणून महाराष्ट्र शासनाने ईदची सुट्टी २९ सप्टेंबरला दिली. सण आपल्या तिथीवर राहिला. सुट्टी मात्र हलली. कारण सुट्टी ही चंद्रावर नव्हे, तर शासनाच्या अधिसूचनेवर अवलंबून असते. महाराष्ट्रात तिचा आधार परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ हा आहे. अधिकोषांचे व्यवहार त्या दिवशी बंद राहतात ते अधिसूचनेमुळे, पंचांगामुळे नव्हे.

यावरून या धारिकांचा दोष चुकीच्या तारखा हा नव्हे, असे म्हणावे लागेल. चुकीची तारीख दुरुस्त करता येते. परंतु ती कोणाच्या वचनावरून लिहिली हेच नोंदीत नसेल, तर दुरुस्ती तरी कोणत्या आधारे करावयाची? छापील पंचांगावर कर्त्याचे नाव असते, शासकीय यादीखाली अधिकाऱ्याची स्वाक्षरी असते. संगणकीय नोंद तेवढी निनावी राहते, आणि निनावी असूनही अधिक प्रमाण मानली जाते. नोंदीत तारखेबरोबर तिथी, प्रदेश आणि आदेश देणारी सत्ता यांना स्वतंत्र स्थान मिळाले, तर यादी लांबेल हे खरे. परंतु तिच्यातील प्रत्येक विधानाला कर्ता लाभेल.