दुर्बिणीचा तिसरा नॉब

साकीनाक्याला राहणाऱ्या बँकेतल्या कारकुनाने शिकारीच्या रायफलवरल्या दुर्बिणीबद्दल मत द्यावं, हा आगाऊपणाच. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीलाच चाप लावल्यावर आपल्याकडे रागावायला शिकारी उरलेत किती? तेव्हा बोलतोच.

महागड्या दुर्बिणीला पॅरलॅक्स दुरुस्तीचा एक जादा नॉब असतो. पॅरलॅक्स म्हणजे काय? खिडकीच्या गजाआडून समोरच्या गच्चीवरली पाण्याची टाकी पाहा आणि मान जरा हलवा. गज टाकीवरून सरकतो. दुर्बिणीतली फुली सावजावरून तशीच सरकते.

आता हिशेब, बी.कॉम.ला झेपेल एवढाच आहे. भिंग ४० मिलिमीटरचं, दुर्बीण १०० मीटरला बांधलेली, सावज २०० मीटरवर. डोळा अगदी कडेला गेला तरी चूक फार तर दोन सेंटिमीटर. हरणाच्या छातीतली मर्माची जागा चांगली वीतभर! नॉब फिरवत बसलात तर हरीण पुढच्या तालुक्यात. त्यापेक्षा डोळा मधोमध ठेवावा; चूक शून्य, खर्चही शून्य.

हां, दहा मीटरवर एअरगनने बाटलीचं बूच उडवणाऱ्याला नॉब जरूर हवा. तिथे हीच दुर्बीण १८ मिलिमीटरपर्यंत फसवते, म्हणजे बूच सहीसलामत. हजार मीटरवाल्यालाही हवा. शिकाऱ्याला नको.

आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटरवरून ऑलिंपिक ब्राँझ आणलं. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि दुर्बीण लावायला मुळात परवानगीच नाही!

आमचे एक स्नेही तरी म्हणतात, ‘असू दे हो, नॉब असलेला बरा.’ त्यांच्या मिक्सरला सात बटणं आहेत. चटणी वहिनी पाट्यावर वाटतात.