दहा राग आणि एक यंत्र

चरणजितसिंग यांची दहा रागांची तबकडी आज देशोदेशींचे रसिक शोधून ऐकतात, ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु ज्या कारणासाठीं तिची वाखाणणी होते, तें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं.

मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वादक म्हणून हयात घालविलेल्या या कलावंतानें १९८२ सालीं ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तींत रोलंड या जपानी कंपनीचीं तीन विद्युद्वाद्यें आहेत : स्वरांसाठीं ज्युपिटर-८, तालासाठीं टीआर-८०८ आणि खर्जासाठीं टीबी-३०३. ग्राहकांनीं तिच्याकडे पाठ फिरविली. पुढें एदो बाऊमन या डच संग्राहकास ती दिल्लीच्या एका दुकानांत सांपडली, व २०१० सालीं तिचें पुनःप्रकाशन झालें. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या त्रयीची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना त्याच टीबी-३०३ यंत्रावरची. ती १९८७ सालची. पांच वर्षें आधीचे म्हणून सिंग यांस त्या संप्रदायाचे जनक ठरविण्याची हौस अनेकांस आवरत नाहीं. पण जनकत्वास संतति लागते. शिकागोची परंपरा या तबकडीपासून निघालेली नाहीं. शिवाय, परक्याच्या आधीं पोंचलों एवढ्यानेंच आपली वस्तु थोर ठरत असेल, तर तो मोजण्याचा गजहि परक्याचाच झाला.

खरा प्रश्न असा कीं, येथें राग उभा राहतो काय? टीबी-३०३ हें यंत्र बास गिटार वाजविणाऱ्याची उणीव भरून काढण्यासाठीं निघालें. येथें तें स्वतः बास गिटार वाजविणाऱ्याच्याच हातीं पडलें. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची सोय सिंग यांनीं मींडेच्या जवळ नेली, हें त्यांचें मोठें यश. यमन व कलावती त्यामुळें प्रसन्न उतरले आहेत. तोडीचा गांधार मात्र समान अंतरांच्या पट्ट्यांवर हवा तेवढा उतरत नाहीं. आणि पहिल्यापासून अखेरपर्यंत एकाच गतीनें धांवणाऱ्या ठेक्यांत ललिताचें पहाटेचें गांभीर्य विरून जातें. बढतीस येथें अवसर नाहीं. स्वरावलीची पुनरावृत्ति हेंच तिचें स्थान घेतें.

ही तक्रार आपणांस नवी नाहीं. असल्याच दोषांसाठीं आकाशवाणीनें १९४० पासून सुमारें तीन दशकें पेटीस दार बंद ठेविलें होतें. तरी नागपुराच्या मैफलींतून वा मराठी रंगभूमीवरून पेटी गेली नाहीं. वाद्याची मर्यादा ओळखून वाजविणारा भेटला, म्हणजे वाद्याचा दोष अर्धा फिटतो.

उतारवयांत सिंग यांस युरोपांत श्रोते लाभले. २०१५ सालीं ते मुंबईंत निवर्तले. त्यांची तबकडी रागसंगीताच्या पहिल्या पंक्तींत बसणार नाहीं. परंतु नवें यंत्र हातीं येतांच ज्यांस प्रथम यमन आणि मालकंस आठवले, त्यांची दखल घेण्यास आपल्या रसिकांस परदेशाची शिफारस लागावी, हें आम्हांस भूषणावह वाटत नाहीं.