उभ्या गाडीची परीक्षा

ऑटोमॅटिक गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये स्टॉल टेस्टला जेमतेम एक पान मिळतं. पाच-सात सूचना आणि त्यांच्याखाली निदानाचा एक छोटा तक्ता. एवढ्या कमी शब्दांत एवढा विचार साठवलेला मजकूर तांत्रिक लिखाणात मला क्वचितच भेटला आहे. ललित गद्य ज्या सावकाशीने वाचतो, त्याच सावकाशीने हे पान वाचावं असं मला मनापासून वाटतं.

ते पान ज्याची परीक्षा घेतं तो टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला, तेलाने भरलेला, वेल्डिंग करून कायमचा बंद केलेला पोलादी डबा. आत पात्यांची तीन चक्रं असतात. इम्पेलर इंजिनाबरोबर फिरून तेल फेकतो, टर्बाइन ते तेल अंगावर घेऊन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतो आणि दोघांच्या मधोमध स्टेटर असतो. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 साली या रचनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वाफेचं वेगवान टर्बाइन आणि संथ फिरणारा पंखा यांची सांगड त्याला घालायची होती. अमेरिकन मोटारीत ही रचना 1948च्या ब्युइक डायनाफ्लोने रुळवली. पण डबा बंद तो बंदच. गाडी जागेवरून उठत नाही, पिकअप गेला, तेलाला जळका वास येतो, एवढं मिस्त्रीच्या कानावर येतं आणि आत काय बिघडलं ते त्याने बाहेरूनच ओळखायचं असतं. त्या पानाची सारी हुशारी या अडचणीतून आली आहे.

सूचना अशा: इंजिन आणि तेल नेहमीच्या तापमानाला आणा. तेलाची पातळी बघा. चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गाडीच्या पुढे-मागे कुणाला उभं राहू देऊ नका. ब्रेक पूर्ण दाबून गिअर डीमध्ये टाका आणि मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा. आरपीएम वाचा आणि पाच सेकंदांच्या आत पाय काढा.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबणं हे एरवी कुणी करू नये असं काम. इथे मात्र त्यातच सगळी किमया आहे. चाकं थांबली की गिअरबॉक्स थांबतो आणि त्याच्याबरोबर टर्बाइनही. रस्ता, चढ, वारा, गाडीतलं ओझं, चालकाची सवय हे सगळं एका ब्रेकखाली बाजूला पडतं. आता इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं हे दोनच गोष्टी ठरवतात: इंजिनाची ताकद आणि कन्व्हर्टरचा अडसर. इतका नेमका प्रश्न बंद डब्याला विचारता येतो, याचं मला दर वाचनात नवल वाटतं.

आणि पाच सेकंदच का? गणित करून बघण्यासारखं आहे. 2000 आरपीएमला इंजिन 200 न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल, तर सुमारे 42 किलोवॅट शक्ती तयार होते. गाडी हलत नाही, म्हणजे ती सगळी उष्णता होऊन तेलात उतरते. कन्व्हर्टरमध्ये तीन लिटर तेल धरलं आणि धातूने शोषलेला वाटा सोडून दिला, तर पाच सेकंदांत तेल जवळपास 40 अंशांनी तापतं. अर्धा मिनिट पाय तसाच ठेवला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच पुढची सूचना येते: न्यूट्रलमध्ये टाका, इंजिन चालू ठेवा, तेल निवू द्या आणि मगच रिव्हर्समध्ये तीच परीक्षा घ्या.

मग येतो तक्ता, आणि इथे पान खरं रंगतं. ठरलेल्या आकड्यापेक्षा आरपीएम बरंच वर गेलं, तर दोष बहुधा कन्व्हर्टरचा नसतोच. गिअरबॉक्समधले क्लच घसरताहेत, थांबायला हवा तो टर्बाइन फिरतो आहे, म्हणून इंजिन मोकाट सुटलं. डी आणि रिव्हर्स दोन्हीकडे असं झालं तर तेलाचा दाब कमी पडत असेल. फक्त डीमध्ये झालं तर पुढच्या गिअरचा क्लच तपासायचा. महागडा कन्व्हर्टर विनाकारण उतरवला जाऊ नये, याची काळजी तक्त्याने घेतली आहे, आणि त्याचा हा न्यायीपणा मला फार आवडतो.

आकडा कित्येक शेकड्यांनी खाली राहिला तर नजर स्टेटरकडे वळते. टर्बाइनमधून परतणारं तेल इम्पेलरच्या उलट दिशेला धावत असतं. स्टेटर स्थिर राहून त्याला वळवतो, आणि त्या वळणामुळेच गाडी उठताना इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट होतो. गाडीने वेग घेतला की वनवे क्लच त्याला मोकळं सोडतो. हा क्लच झिजला तर स्टेटर दोन्ही दिशांना फिरू लागतो आणि परतलेलं तेल इम्पेलरलाच रोखतं. अशी गाडी खंबाटकीच्या चढावर थांबली तर पुन्हा उठताना रडते, सपाट हायवेवर मात्र चांगली पळते. आकडा खाली येण्याचं दुसरं कारण म्हणजे थकलेलं इंजिन. पण ते हायवेवरही थकलेलंच असतं. दोघांमधला फरक एका फेरीत कळतो.

उलट बिघाड आणखी विलक्षण आहे. वनवे क्लच जाम झाला तर स्टेटर कधीच मोकळा होत नाही. गाडी झकास उठते, स्टॉलचा आकडाही अचूक येतो. पुढे वेग वाढवताना ती अडखळते, तेल तापत राहतं. म्हणजे ही परीक्षा पास झालेला कन्व्हर्टरही नादुरुस्त असू शकतो.

वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या लॉक-अप क्लचबद्दलही या परीक्षेला काही सांगता येत नाही, कारण उभ्या गाडीत तो लागतच नाही. तो बिघडला की मध्यम वेगात, हलक्या पायाने चालवताना रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येते. त्यावर मिस्त्री एक साधी युक्ती करतात: ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला जेमतेम स्पर्श करायचा. ब्रेकचा इशारा मिळताच लॉक-अप सुटतो. थरथर तेवढ्यात थांबली तर संशय त्याच्यावर. तशीच राहिली तर आधी इंजिनाचं मिसफायर शोधायचं. आजच्या बऱ्याच गाड्यांत दोन्ही पेडल दाबली की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कापतो, काही कंपन्या तर स्टॉल टेस्टला साफ मनाई करतात. तिथे स्कॅनरवर इंजिन आणि टर्बाइन यांच्या आरपीएममधला फरक बघतात. त्या त्या गाडीचं मॅन्युअल आधी वाचायचं ते यासाठी.

थरथर नुसती असेल आणि तेल जुनं झालं असेल, तर योग्य प्रतीचं नवीन तेल घातल्यावर कधीकधी ती जाते. तेलात धातूची चमक दिसली तर मात्र कन्व्हर्टर उतरवावाच लागतो. खास वर्कशॉपमध्ये लेथवर वेल्डिंग कापतात, लॉक-अपचं लायनिंग, बेअरिंग आणि वनवे क्लच बदलतात, पुन्हा वेल्ड करून गळती आणि बॅलन्स तपासतात. ऑइल कूलर धुतला नाही तर त्यात अडकलेला जुना चुरा नव्या कन्व्हर्टरलाही खातो. बसवताना कन्व्हर्टर हळूहळू फिरवत आत सारायचा; शाफ्टच्या खाचा आणि पंपाची पकड एकेक करून जुळतात, आणि दर वेळी तो थोडा आणखी आत जातो. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावरही कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे, इंजिनाच्या बाजूच्या फ्लेक्सप्लेटपर्यंत थोडी फट उरली पाहिजे. फट नसेल तर बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेऊ नये. तेलाचा पंप फुटतो.