सेतारला आवाज किती हवा?

इराणमध्ये आज सेतार शिकणाऱ्यांना तोटा नाही, बनवणाऱ्यांनाही नाही. कामातली सफाईही वाढली आहे. तक्रार आहे ती आवाजाबद्दल, आणि तीही तो वाढल्याची.

मुळात हे एकट्यानं, फार तर दोन-चार जाणकारांपुढे वाजवायचं वाद्य. लांबी जेमतेम ८५ सेंटिमीटर, तुतीच्या लाकडाचं लहानसं पोट, अक्रोडाची दांडी, तिच्यावर तातीचे सरकते पडदे. नखी नाही, तर्जनीच्या नखानंच तार छेडायची. तारा चार. चौथी मुश्ताक अली शाह या अठराव्या शतकातल्या सूफीनं जोडली असं मानतात आणि वादक तिला अजून त्याच्याच नावानं ओळखतात.

सगळी मेख पोटावरच्या तबलीत आहे. साधारण तीन मिलिमीटर जाडीची ही फळी कारागीर तासतो, बोटानं ठोकून ऐकतो, पुन्हा तासतो, मग तिला बारीक भोकं पाडतो. आणखी थोडी तासली की आवाज मोठा होतो, गिऱ्हाईक खूश. पण तारांचा ताण घोडीवाटे तबलीवर सतत असतो. फार पातळ तबली पुढे दबू लागते. आणि तोवरही मिळतं काय? नखाचा टणत्कार दणक्यात उमटतो, मागची आस मात्र विरून जाते.

आवाज वाढवायला मोठ्या सभागृहांचं कारण पुढे केलं जातं. ते मला पटत नाही. तार-सेतारचे उस्ताद मिर्झा अब्दुल्ला यांचे चिरंजीव अहमद एबादी (१९०६–१९९३) रेडिओवर वाजवू लागले तेव्हा त्यांनी वाजवण्याची रीतच बदलली. मायक्रोफोन जवळच आहे म्हटल्यावर सगळ्या तारा एकदम झणकारणं कमी केलं आणि एकेका तारेवर स्वर खुलवला. वृंदवादनात सेतार शेजारच्या ‘तार’ या वाद्यापुढे दबते, हे खरं. पण मोठ्या आवाजासाठी तिथे ‘तार’ आहेच की!

बांधणीला शिस्त लावली ती इब्राहिम कंबरी-मेहर (१९२८–२०२२) यांनी. संगीतकार अबुल हसन सबांकडे शिकलेले, फ्रान्समध्ये व्हायोलिनची बांधणी पाहून आलेले. मापं पक्की झाली, विद्यार्थ्याच्या हाती बरं वाद्य येऊ लागलं. हे ऋण मोठं. त्याच मापांच्या भरवशावर, कान न लावता, सेतारी पाडणारेही निपजले.  

मिरजेच्या सतारीच्या जवारीवर पोसलेल्या आपल्या कानाला सेतार आधी कोरडी वाटेल. इथे जवारी नाही, स्वर सरळ आणि उघडा. ती पारखायची तर जोरात वाजवू नये. नख जेमतेम टेकवावं आणि वरच्या पडद्यांवरचा स्वर खालच्याइतकाच भरीव राहतो का, ते ऐकावं. दणदणीत सेतारी बहुधा इथेच उघड्या पडतात.