हसणाऱ्या मुलाच्या हातातला कागद

आपण म्हणतो हिंजवडी फेज थ्री, पण सातबारा माणचा. तिथल्या आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी सात-आठ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर येतो. बोलत नाही. चालताना पाय फाकवतो, दोन्ही हात कोपरात दुमडून वर धरतो. हातात बहुतेकदा बिस्किटाचा रिकामा पुडा असतो, तो कानाशी चुरगाळत राहतो. आणि हसतो. बाकावरच्या आजी म्हणाल्या, "उगाच हसत असतो गं तो." तान्हं बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवतेय म्हणून आपण मोकळे होतो. आठ वर्षांच्या मुलासाठी ती सोय नाही. त्याच्या आईने नाव सांगितलं, एंजलमन सिंड्रोम. त्याचा माग काढता काढता मी एका चित्रापाशी येऊन थांबले.

चित्र वेरोनाच्या कास्तेलवेक्कियो संग्रहालयातलं, सोळाव्या शतकाच्या आरंभीचं. चित्रकार जोव्हान्नी फ्रान्चेस्को कारोतो. गडद पार्श्वभूमीवर लांब, तांबूस केसांचा मुलगा. मान आपल्याकडे वळवलेली, ओठ विलग, दात दिसताहेत. हातात कागद, त्यावर काड्यांच्या हातापायांचं माणूस. मला त्या हसण्याइतकाच हा कागद आवडतो. कसलेल्या हाताने कच्चा हात काढायचा, आणि त्यात आपली सफाई कुठे डोकावू द्यायची नाही, हे सोपं नव्हे. ते माणूस माणच्या एखाद्या बालवाडीच्या भिंतीवर चिकटवलं तर खपून जाईल. आणि मुलगा ते कुणाला दाखवतोय? आपल्याला. समोर बघणारं कुणी नसेल तर त्या हसण्याला अर्थच उरत नाही.

इंग्लंडात वॉरिंग्टनला हॅरी एंजलमन नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे वेगवेगळ्या वेळी आलेल्या तीन मुलांत त्यांना एकच आजार दिसत होता. झटके देत हालचाल, वाचा नाही आणि वारंवार हसू. सिद्ध करायला हाताशी काही नव्हतं, म्हणून लेख रखडला. मग इटलीच्या सुट्टीत त्यांना हे चित्र दिसलं आणि १९६५ साली लेख छापून आला. शीर्षकात त्यांनी या मुलांना कळसूत्री बाहुल्या म्हटलं. चित्रात बाहुली नाहीच, आहे ते कागदावरचं रेघांचं माणूस. नावही मला रुचत नाही. बाहुलीचं हसू रंगवलेलं असतं आणि दोरी दुसऱ्याच्या हातात. पालकांनाही ते खुपलं. १९८२ मध्ये एंजलमन हे नाव सुचवलं गेलं. १९८७ मध्ये पंधराव्या गुणसूत्राचा तुटलेला तुकडा हाती लागला, १९९७ मध्ये त्यातलं यूबीई३ए हे जनुक. मेंदूच्या पेशींत या जनुकाची वडिलांकडून आलेली प्रत गप्प असते, त्यामुळे आईकडची हरवली की भरून काढायला कुणी नसतं.

पण आजींच्या त्या 'उगाच'चं काय? २००२ मध्ये ख्रिस ऑलिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच तपासलं. मुलं पुन्हा तीनच. मोठं माणूस कधी मुलाशी बोलायचं, त्याच्याकडे बघायचं. कधी त्यातलं काहीच नाही. कुणी बोलत-बघत असलं की हसू सर्वांत जास्त, नसलं की सर्वांत कमी. एवढा साधा प्रयोग! जनुक सापडून पाच वर्षं झाली होती, पण या हसण्याला समोरचा माणूस लागतो हे पाहायला जनुकाची गरजच नव्हती. कारोतोने ते तर चितारूनच ठेवलं होतं.

इथे एक आकडा मात्र अडतो. २०१५ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त कॅरोलिन रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, लक्षणांचं प्रमाण मांडलं. रेट सिंड्रोमच्या मुलींत ६१ टक्के, कॉर्नेलिया डी लँगमध्ये ४३, एंजलमनमध्ये ३४, डाउनमध्ये १६. आल्या-गेल्याचा हात धरणारं पोर स्वमग्न कसं? प्रश्नावली बोलणं विचारते, बोट दाखवणं विचारते, लुटुपुटीचा खेळ विचारते. ज्याला हे जमतच नाही त्याचे गुण तिथे जातात. खूण त्याच रकान्यात पडते, पण मूल तिथवर वेगळ्या वाटेने आलेलं असतं. ती वाट शोधण्यातच मला या संशोधनाची खरी गोडी वाटते.

चित्रातल्या मुलाला मात्र हा आजार असेल असं मला वाटत नाही. ज्याने एवढं माणूस रेखाटलं त्याची बोटं धडधाकट होती. तरी कागद बघताना बिस्किटाचा पुडा आठवतोच. चुरचुरणाऱ्या कागदाची ओढ हे या सिंड्रोमचं नेहमीचं लक्षण आहे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये संग्रहालयावर दरोडा पडला. सतरा चित्रं गेली, त्यात हेही. २०१६च्या मे महिन्यात ती युक्रेनमध्ये सापडली आणि वर्षअखेरीस घरी परतली. वेरोनाला गेलात तर ज्यूलिएटच्या बाल्कनीखालच्या गर्दीतून निघून कास्तेलवेक्कियोपर्यंत चालत जा. चित्र लहान आहे, अगदी जवळ उभं राहून बघा.